टेडी, लाकडी बैल आणि भुलाबाई: वऱ्हाडातल्या घरात खेळण्यांचा संग्रह

अमरावती-अकोल्याकडच्या कितीतरी घरांत दिवाणखान्याच्या शोकेसमध्ये एक टेडी बसलेला असतो. कुणाच्या तरी पहिल्या वाढदिवसाला आलेला, गळ्यात लाल रिबीन, अंगावर अजूनही दुकानातलीच पॉलिथिनची पिशवी. त्याच घराच्या माळ्यावर आजोबांच्या लहानपणचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पडून असतो, एक चाक गेलेला. माझ्या मते ही दोन्ही खेळणी एकाच संग्रहात शोभतात. असा संग्रह सुरू करायला मोठी रक्कम लागत नाही. एक जाड वही लागते, आणि खेळणं कुणाचं होतं हे विचारायची सवय. तो कसा जमवावा आणि आपल्याकडच्या उन्हात, कुलरच्या ओलाव्यात, खाऱ्या पाण्यात कसा टिकवावा, ते इथे सांगतो.

आधी टेडीची ही ओढ कुठून आली, ते पाहू. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले होते. सोबत्यांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधलं आणि अध्यक्षांना गोळी झाडायला सांगितलं. बांधलेल्या जनावरावर त्यांनी गोळी झाडली नाही. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये व्यंगचित्र काढलं आणि ब्रुकलिनच्या मॉरिस व रोझ मिचटम या दुकानदार जोडप्याने कापडी अस्वल शिवून अध्यक्षांच्या ‘टेडी’ या लाडक्या नावाने ते विकायला ठेवलं. साधारण त्याच सुमारास जर्मनीतल्या गिएंगन गावी मार्गारेट श्टाइफ यांच्या कारखान्यात त्यांचा भाचा रिशार्ड हातपाय हलणारं अस्वल बनवत होता. मार्गारेटबाईंना लहानपणीच पोलिओ झाला होता. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी तो कारखाना उभा केला.

वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना अस्वल टेडीच्या आधीपासून ठाऊक होतं. दरवेशी ते दोरीला बांधून गावात आणत. पोर रात्री दचकू नये म्हणून अस्वलाचा केस ताविजात घालून गळ्यात बांधायची रीत होती. खरं अस्वल आजही मेळघाटच्या जंगलात आहे: लांब काळे केस, छातीवर पांढरट खूण, वारुळं उकरून उधई खाणारं, मोहाच्या फुलांवर ताव मारणारं. त्याला दोरीला बांधून नाचवणं थांबलं हे फार बरं झालं. पोरांच्या कुशीत कापडी अस्वल आलं, तेच योग्य.

पोरं एखादं खेळणं सोडत का नाहीत, हे इंग्लंडचे बालरोगतज्ज्ञ डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५१ मध्ये मांडलं. आईपासून थोडं थोडं सुटं होताना बाळ एखादी मऊ वस्तू धरून ठेवतं, आणि ती त्याची पहिली स्वतःची वस्तू ठरते. तिचा मळकट वास त्या नात्याचाच भाग असतो, ती धुतली तर बाळाचं काहीतरी तुटतं, हेही त्यांच्या ध्यानात आलं होतं. धुलाईचा विचार करताना हे पुन्हा लागेल.

सुरुवात घरातूनच करा

पहिले काही महिने काहीही विकत घेऊ नका. माळा, जुन्या पेट्या, आत्याचं घर, मामाचं गाव, एवढं आधी धुंडाळा. जुन्या साडीच्या तुकड्यात घरचा कापूस भरून आजीने शिवलेल्या बाहुल्या इथेच मिळतील. कापूस पिकवणाऱ्या या मुलखात अशा बाहुल्या घरोघरी होत्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांच्या गाठोड्यातून आणि भंगारवाल्याच्या गाडीवरून किती गेल्या असतील, त्याची गणतीच नाही. माझ्या लेखी त्या बाहुल्यांचं मोल परदेशी टेडीपेक्षा जास्त आहे, कारण त्यांच्यासारखी दुसरी बाहुली कुठल्याच दुकानात मिळत नाही.

मग संग्रहाची हद्द ठरवा. ‘मिळेल ते’ असं म्हणाल तर वर्षभरात कपाट भरेल आणि मन उडेल. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांची खेळणी, किंवा फक्त अस्वलं, किंवा फक्त तान्ह्या पोळ्याचे बैल, असं काहीतरी एक धरा. मला बैलांचा संग्रह सर्वांत जवळचा वाटतो. श्रावणी अमावास्येच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं चाकांवरचा लाकडी बैल ओढत घरोघरी जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मिळवतात. एकेका सुताराचा हात त्या शिंगांच्या वळणावरून आणि वशिंडावरून ओळखू येतो. पोळ्याआधीच्या आठवड्यात इथल्या बाजारांत लाकडी आणि मातीचे बैल मांडलेले असतात. तेव्हा दरवर्षी एक नवा घ्या आणि तो कुणी, कुठल्या गावी, कोणत्या लाकडाचा केला हे तिथेच विचारून घ्या. पुढच्या वर्षी तो कारागीर बाजारात असेलच असं नाही.

भुलाबाईचं थोडं वेगळं आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलोजी-भुलाबाईची मातीची मूर्ती मांडून गाणी म्हणतात. घरात विसर्जनाची रीत असेल तर ती मोडू नका. संग्रहासाठी वेगळी मूर्ती घ्या.

वही हाच खरा संग्रह

१९९४ साली लंडनच्या क्रिस्टीज लिलावात श्टाइफचा १९०४ चा एक टेडी १ लाख १० हजार पौंडांना विकला गेला. जपानच्या योशिहिरो सेकिगुची यांनी तो आपल्या टेडी संग्रहालयासाठी घेतला. त्या काळचे श्टाइफचे इतरही टेडी आहेत, पण त्यांना असा भाव आला नाही. हा टेडी बॉब हेंडरसन या ब्रिटिश कर्नलचा होता. बाळपणापासून म्हातारपणापर्यंत तो त्यांच्याजवळ राहिला. पुढे त्यांच्या मुलीने त्याला फ्रॉक चढवला आणि ‘टेडी’ची ‘टेडी गर्ल’ झाली. हे सगळं लोकांना माहीत होतं, म्हणून एवढी बोली लागली. आपल्या घरातला टेडी विकायचा नसतोच. पण गोष्ट माहीत असलेलं खेळणं आणि गोष्ट हरवलेलं खेळणं यांत केवढं अंतर पडतं, ते या लिलावात दिसलं.

म्हणून प्रत्येक खेळण्याला वहीत एक पान द्या. वर क्रमांक, त्याखाली घरातलं नाव. टेडीला नाव असतंच, ते आधी लिहा. मग कुणाचं, कुणी दिलं, कोणत्या साली, कुठून आणलं. उंची, कापड, डोळे कशाचे, आत काय भरलं आहे, कुठे फाटलं आहे. शेवटी सांगणाऱ्याचे शब्द, जसेच्या तसे. आजी म्हणाली, ‘पोरीले ताप आला का हेच अस्वल कुशीत लागे,’ तर तसंच उतरवा, पुस्तकी करू नका. मोबाईलवर तिचा आवाजही टिपून ठेवा आणि त्या ध्वनिफितीला खेळण्याचाच क्रमांक द्या. साल नक्की आठवत नसेल तर ‘धाकट्याच्या बारशाच्या आधी’ असं लिहिलं तरी चालतं.

क्रमांक खेळण्यावर चिकटवू नका. डिंक आणि सेलोटेप यांचे डाग जात नाहीत. सुती फितीचा छोटा तुकडा घ्या, त्यावर पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि तो हातापायाला सैल बांधा. समोरून, मागून आणि शिवणीजवळून असे तीन फोटो पुरतात.

वय ओळखणं

लेबल असेल तर काम सोपं होतं, म्हणून लेबल कधीही कापू नका. श्टाइफच्या खेळण्यांच्या कानात १९०४ पासून धातूचं बटण येऊ लागलं. नसेल तर हाताने पाहा. जुन्या टेडीचं अंग बहुधा मोहेरचं, म्हणजे अंगोरा बकरीच्या केसांचं असतं. दाबल्यावर आत करकरलं तर लाकडाचा बारीक कीस भरलेला आहे, आपल्या कुलरच्या ताट्यांत असतो तसा. हलका आणि मऊ लागला तर सावरीच्या जातीचा कापूस असू शकतो. डोळे आधी बुटाच्या बटणांचे, मग काचेचे आणि नंतर प्लॅस्टिकचे होत गेले. पॉलिस्टरचा भराव आणि चकचकीत नायलॉनची लव असेल तर टेडी अलीकडचा आहे, विकणारा कितीही ‘अँटिक’ म्हणाला तरी. मोबाईलवर फोटो पाहून जुनं खेळणं विकत घेणार असाल तर शिवण, तळवे आणि कानाची मागची बाजू यांचे फोटो आधी मागवा. ते द्यायला टाळाटाळ झाली तर व्यवहार सोडून द्या.

एक गोष्ट मात्र नक्की टाळा. अस्वलाची नखं किंवा केस कुणी विकायला आणले तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आपलं अस्वल आहे आणि त्याच्या अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे.

ऊन, कुलर आणि खारं पाणी

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. खिडकीतून ऊन येणाऱ्या भिंतीला शोकेस असेल तर तपकिरी टेडी काही उन्हाळ्यांत पिवळट पडतो आणि आतल्या स्पंजाचा पिठासारखा भुगा होतो. कपाट आतल्या भिंतीला लावा. त्याहून वाईट जागा कुलरच्या झोताची. दिवसा तिथे ओलसर वारं, कुलर बंद झाला की कोरडी भट्टी. या चढउताराने लाकडी बैलाला भेगा जातात आणि रंगाचे पोपडे निघतात.

आता त्या पॉलिथिनच्या पिशवीकडे या. धूळ लागू नये म्हणून ती ठेवलेली असते, पण पावसाळ्यात आतली दमट हवा कोंडते आणि लवेवर बुरशी धरते. पिशवी काढा. धुतलेल्या मलमलमध्ये किंवा जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यात टेडी गुंडाळा. कपाट जमिनीपासून वर आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, म्हणजे उधई लागली तर वेळेत दिसेल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दारं उघडून सगळं वाऱ्यावर काढा.

कसर लागल्याची शंका आली, म्हणजे लवेत छोटी टक्कलं किंवा बारीक जाळी दिसली, तर तो टेडी आधी बाकीच्यांपासून वेगळा करा. पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बांधा आणि दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी सुटून आतला भराव भिजतो. मध्ये वीज बराच वेळ गेली तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजा. माती, काच आणि रंगीत लाकूड यांना हा उपाय चालत नाही. डांबरगोळ्या मी सांगणार नाही. ज्या घरात पोरं खेळणी तोंडात घालतात तिथे त्या नकोतच.

धुण्याआधी स्वतःला विचारा की हा मळ कुणाचा आहे. एका माणसाच्या साऱ्या बाळपणाचा टेडी असेल तर विनिकॉट आठवा आणि फक्त धूळ काढा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर मलमल बांधून, हलक्या झोतावर. बाजारातला अलीकडचा टेडी असेल तर उशीच्या अभ्र्यात घालून सौम्य साबणाने हाताने धुता येतो. इथे पाण्याचा प्रश्न येतो. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी इतकं खारं असतं की साबणाला फेस येत नाही, आणि वाळल्यावर लव राठ होऊन त्यावर पांढरी पूड बसते. शेवटची खळबळणी पावसाच्या साठवलेल्या किंवा पिण्याच्या पाण्याने करा. मग टॉवेलात दाबून, पिळून नव्हे, सावलीत पंख्याखाली वाळवा. मधला भराव दोन-तीन दिवस ओला राहतो, तो पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका. लाकडाचा कीस भरलेला जुना टेडी मात्र पाण्यात घालायचाच नाही.

बैलाला फक्त कोरडा मऊ ब्रश. दरवर्षी तान्ह्या पोळ्याला ऑइलपेंटचा नवा हात द्यायची घरोघरी रीत आहे. खेळण्याच्या बैलाला खुशाल द्या, पण संग्रहातल्या जुन्या बैलावर रंग चढवू नका. त्याखाली आजोबांच्या वेळचा गेरू असू शकतो. बैलाखाली बारीक पिवळसर पूड पडू लागली तर भुंगा लागला आहे, तो बैल लगेच वेगळा काढा. भुलाबाईची कच्च्या मातीची मूर्ती ओल्या फडक्याने पुसली तरी विरघळते. ती उचलायची ती बुडाला दोन्ही हातांनी धरून.

दुरुस्तीत कमीत कमी बदल करा. फाटलेली शिवण जुन्याच टाक्यांच्या भोकांतून, त्याच रंगाच्या सुती दोऱ्याने शिवा. एक डोळा गेला असेल तर नवी जोडी बसवू नका. आहे तो डोळा राहू द्या, आणि निघालेला प्रत्येक तुकडा लिफाफ्यात घालून त्यावर क्रमांक टाका.

संग्रह मुलांपासून लपवून ठेवू नका, पण खेळायची खेळणी वेगळी ठेवा. जुन्या टेडीचे डोळे कित्येकदा तारेने किंवा टाचणीने बसवलेले असतात, म्हणून तीन वर्षांखालच्या पोराच्या हाती तो नको. त्याच्यासाठी नवा घ्या आणि त्यावर आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांना बंधनकारक आहे.

दिवाळीच्या साफसफाईत माळा रिकामा होतो आणि सगळ्यात जास्त खेळणी त्याच दिवसांत भंगारात जातात. या वर्षी माळा आवरायच्या आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला खाली खुर्ची द्या, वही उघडा, आणि वरून काढलेलं एकेक खेळणं त्यांच्या हातात देऊन ते कुणाचं ते विचारा.