ड जीवनसत्त्व : गरज आणि मर्यादा

आपल्या देशात उन्हाची वाण नाही. तरीही अनेकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी आढळते. दिवसाचा बराच काळ छताखाली जातो आणि रोजच्या अन्नातून हे जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. ते कमी पडले की हाडे दुर्बल होतात, मुलांना मुडदूस होतो. म्हणून डॉक्टर त्याच्या गोळ्या किंवा पुड्या लिहून देतात, आणि ते योग्यच आहे. आम्ही येथे लिहीत आहोत ते त्या पुडीच्या गैरवापराविषयी.

औषधाच्या दुकानात सर्रास मिळणाऱ्या गोळीत किंवा पुडीत ६०,००० एकके असतात. निरोगी माणसाची रोजची गरज सुमारे ६०० एककांची. म्हणजे एका पुडीत शंभर दिवसांची गरज सामावलेली असते. म्हणूनच ती बहुधा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यावयाची असते. चूक नेमकी येथेच होते. 'आठवड्याला एक' हे 'रोज एक' असे समजले जाते. आठ आठवड्यांचा उपचार वर्षभर चालू राहतो. किंवा आईची गोळी मुलालाही दिली जाते.

'जीवनसत्त्वच ते, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाईल' हा समज क जीवनसत्त्वाच्या बाबतीत बराचसा खरा आहे. ड जीवनसत्त्व मात्र मेदात विरघळते आणि शरीरात साठत राहते. ते अति झाले की रक्तातील कॅल्शियम वाढते. मग भूक मंदावते, मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता, अतिशय तहान, वारंवार लघवी, अशक्तपणा ही लक्षणे दिसतात. दुर्लक्ष झाल्यास मूतखडे होतात, मूत्रपिंडे कायमची निकामी होऊ शकतात. गोळी थांबविल्यावरही हा परिणाम अनेक आठवडे टिकतो. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दूध-भुकटीत व अन्नात हे जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर मिसळले गेले. त्यामुळे काही बालकांच्या रक्तातील कॅल्शियम घातक पातळीवर गेले आणि पुढे ते प्रमाण कमी करावे लागले. हेतू मुडदूस टाळण्याचाच होता.

पालकांना आमची विनंती एवढीच. चिठ्ठीवर 'रोज' आहे की 'आठवड्याला', आणि किती आठवडे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट विचारून घ्यावे. लहान बाळाच्या थेंबांची तीव्रता बाटलीगणिक वेगळी असते. बाटली बदलली की मात्रा पुन्हा विचारावी. मूतखडा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी सांगावे. सुट्टीनंतर मूल वसतिगृहात परतताना त्याच्या पेटीत पुड्या ठेवू नयेत. त्या चिठ्ठीसह अधीक्षकांच्या हाती द्याव्यात. वरील लक्षणे दिसल्यास गोळी थांबवून, वेष्टन सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.

उन्हात तयार होणाऱ्या ड जीवनसत्त्वाचा असा अतिरेक होत नाही, कारण जादा अंश त्वचा स्वतःच निष्क्रिय करते. पुडीला ही समज नसते. ती आपणच ठेवावी लागते.