त्सुगश्पिट्से : चढायला फुकट, उतरायला तिकीट

जर्मनीतलं हे सर्वांत उंच शिखर, 2,962 मीटर. म्युनिकहून रेल्वेने सुमारे दीड तासात गार्मिश-पार्टनकिर्शेन येतं. शिखराकडच्या पायवाटा तिथून किंवा जवळच्या गावांतून सुटतात. शिखराला प्रवेशशुल्क नाही, परवानाही लागत नाही. पैसे जातात ते मुक्काम, सामान आणि उतरण्यावर.

खालचे आकडे 1 युरो म्हणजे ढोबळ 100 रुपये धरून केलेले अंदाज आहेत. निघण्यापूर्वी चालू दर पाहा.

राइनटालची वाट
सर्वांत सोपी, पण लांब: एका बाजूने सुमारे 21 किलोमीटर आणि 2,200 मीटरची चढाई. दोन दिवस ठेवा. माणशी खर्च असा:
- पार्टनाख घळीचं शुल्क : 10 युरोच्या आसपास
- हटमध्ये (डोंगरातल्या मुक्कामाच्या घरात) सामायिक खोलीतला बिछाना : 30 ते 40
- रात्रीचं जेवण, नाश्ता : 35 ते 45
- केबल कारने खाली : 40 ते 50

एकूण 115 ते 145 युरो, म्हणजे 11,500 ते 14,500 रुपये. एकेरी तिकीट परतीच्या निम्म्यात मिळेल असं धरू नका, ते निम्म्याहून महाग असतं.

ह्योलेनटालची वाट
हामर्सबाखहून निघते. लोखंडी शिड्या, कड्यात ठोकलेल्या खुंट्या, मग छोटी हिमनदी आणि शेवटी तारेला धरून चढायचा कडा. हेल्मेट, हार्नेससह दोरसंच आणि क्रॅम्पॉन हवेतच. भाडं दिवसाला 30 ते 40 युरो. हिमनदी आणि कडा यांमधली फट उन्हाळा सरता सरता रुंदावते. पहिल्यांदा जाणाऱ्याने गाइड घ्यावा. खासगी गाइडला दिवसाला 400 युरोंच्या पुढे मोजावे लागतात, चौघांत वाटले तर परवडतात.

माथ्यावरून पूर्वेला जाणारी युबिलेउम्सग्राट ही धार अनुभवी गिर्यारोहकांसाठीच.

पाण्याचा हिशेब
सह्याद्रीच्या गडांवर बेसॉल्टमध्ये खोदलेल्या टाक्यांत पाणी टिकतं. इथला डोंगर चुनखडीचा. माथ्याखालच्या पठारावरचा पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांतून आत मुरतो आणि कितीतरी खाली, पार्टनाख नदीच्या उगमाशी बाहेर येतो. त्यामुळे वर वाहतं पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. खालच्या हटमध्येच दोन लिटर भरून घ्या, नाहीतर वर बाटली विकत घ्यावी लागेल.

बचत कुठे?
जर्मनीत राहत असाल तर आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घ्या. क्लबच्या हटमध्ये सदस्यांना बिछान्यावर किमान 10 युरोंची सूट मिळते, शिवाय डोंगरातल्या बचावखर्चाचा विमाही असतो. भारतातून येणाऱ्यांनी प्रवासविम्याच्या अटी वाचाव्यात. गिर्यारोहण अनेकदा वगळलेलं असतं. बिछाना आगाऊ नोंदवा, झोपायची पातळ पिशवी आणि थोडी रोकड जवळ ठेवा.

सगळ्यात महाग चूक म्हणजे उशीर. शेवटची केबल कार संध्याकाळ व्हायच्या आतच सुटते. ती चुकली तर माथ्यावरच्या हटमध्ये जागा असेल तरच रात्र निभावते, आणि तिचे पैसे वेगळे. म्हणून पहाटे निघा आणि उतरण्याची वेळ आधी ठरवा.