बॅकअप उघडून पाहिला आहे काय?

उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा व त्यावर साक्षीदार करावेत, असा आदेश पवित्र कुरआनातील सूरह बकराच्या 282 व्या आयतीत आहे. आपले वाडवडील लाल वहीत लिहीत, आपण संगणकात लिहितो. साधन बदलले, तरी लिहिलेले सांभाळण्याची जबाबदारी तीच आहे.

पुसदच्या आमच्या कापड दुकानात गेल्या वर्षी हिशोबाच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकली. जुना डेटा नव्या आवृत्तीत जात असतानाच वीज गेली आणि फाइल उघडेना. पेनड्राइव्हवर बॅकअप रोज निघतो, अशी आमची समजूत होती. पाहिले तर शेवटचा बॅकअप चार महिन्यांपूर्वीचा होता.

अशी चूक मोठ्यांकडूनही होते. संगणक-प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम सांभाळणारी गिटलॅब ही जगप्रसिद्ध कंपनी आहे. 31 जानेवारी 2017 रोजी तेथील कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला. तेव्हा कळले की डेटाबेस 9.6 आवृत्तीचा, पण बॅकअप काढणारे साधन 9.2 चे चालत होते. त्यामुळे बॅकअप निघतच नव्हता, आणि तशी सूचना देणाऱ्या ई-मेलही पोहोचत नव्हत्या. सुदैवाने सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत सापडली. मधल्या सहा तासांचा डेटा मात्र कायमचा गेला.

डेटा गेल्यास प्रथम त्या संगणकावर नवीन नोंदी करणे थांबवावे. पुसलेल्या फाइलच्या जागी नवे काही लिहिले गेले, तर जुने परत मिळणे कठीण होते. बिघडलेले फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवावे आणि सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावेत.

फाइल सुधारली नाही, तर हिशोब नव्याने उभारावा लागतो. आम्हांला खरेदीची बिले जीएसटीच्या 2बी विवरणात मिळाली, ऑनलाइन जमा रकमा बँकेच्या उताऱ्यात आणि उधार विक्री बिलबुकाच्या दुसऱ्या प्रतीत. पण कापूस विकून शेतकऱ्यांनी रोख आणून दिलेल्या रकमांचा पुरावा कोठेच नव्हता. येथे प्रश्न डेटाचा राहिला नाही, इन्साफाचा झाला. आम्ही ग्राहकाची चिठ्ठी मानली, आणि चिठ्ठी नसेल तेथे त्याचा शब्द मानला. एकच रक्कम दोनदा वसूल करण्यापेक्षा आपली बाकी बुडालेली बरी.

म्हणून नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी तीन प्रती काढाव्यात : एक दुकानात, एक घरी, एक गावाबाहेर किंवा ऑनलाइन. त्यांपैकी एक दुसऱ्या संगणकावर उघडून प्रत्येक ग्राहकाची बाकी जुळते का ते पाहावे. यूपीएस असल्याशिवाय काम सुरू करू नये. जुनी आवृत्ती व जुना डेटा लगेच पुसू नये. रोख जमेची पावती ग्राहकाला द्यावी व तिची स्थळप्रत जपावी. जीएसटी कायद्यानुसारही हिशोब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो.

व्यापारी बंधूंनो, ग्राहकाची जमा रक्कम आपल्याकडे अमानत आहे. येत्या जुम्याला दुकान बंद असताना आपला शेवटचा बॅकअप एकदा उघडून पाहा. उघडला नाही, तर तो बॅकअप नव्हेच.