केशरी शर्टामागची गोष्ट मुलीला किती सांगावी?

प्रश्न: आम्ही टोरांटोत राहतो. ३० सप्टेंबरला शाळेने केशरी शर्ट घालून यायला सांगितलंय. ७ वर्षांच्या मुलीला निवासी शाळांबद्दल काय सांगू? ती घाबरेल असं वाटतं.

उत्तर: सांगा, आणि खरंच सांगा. सुरुवात शर्टापासूनच करा. १९७३ साली ६ वर्षांची आदिवासी मुलगी फिलिस वेबस्टॅड आजीने घेऊन दिलेला नवाकोरा केशरी शर्ट घालून ब्रिटिश कोलंबियातल्या निवासी शाळेत गेली. पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, पुन्हा दिलाच नाही. या वयाला हा अन्याय लगेच उमजतो. मग सांगा, की अशा शाळांत पाठवण्यासाठी दीड लाख आदिवासी मुलांना घरापासून तोडलं, त्यांची भाषा बोलू दिली नाही, आणि हे कॅनडाचं सरकार व चर्च यांनी मिळून केलं. काही मुलं परतलीच नाहीत; तिने विचारलं तर लपवू नका. अत्याचारांचे तपशील दहा-बारा वर्षांची झाल्यावर. ‘तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं’ असं मात्र अजिबात म्हणू नका: सरकारचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी १९०७ सालीच या शाळांतल्या मृत्यूंचा अहवाल सरकारला दिला होता. आणि ‘आदिवासी होते’ नव्हे, ‘आहेत’ म्हणा. तिच्या वर्गातही कुणी असेल.