चाकाचा कल आणि त्याची दुरुस्ती

मोटारीची पुढची चाके समोरून पाहता सरळ उभी दिसतात. परंतु ओळंबा लावला असता ती बहुधा किंचित कललेली आढळतात. उभ्या रेषेशी चाक जो कोन करते त्यास ‘कॅम्बर’ म्हणतात. चाकाचा माथा बाहेर झुकल्यास तो धन व आत झुकल्यास ऋण मानण्याचा संकेत आहे. हा कोन प्रमाणाबाहेर गेला तर काय होते, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

अमेरिकेतील फोर्ड कंपनीने १९६५ च्या एफ-१०० ट्रकांत पुढे एक अखंड कणा न घालता दोन तुळया योजिल्या. डाव्या चाकाची तुळई सांगाड्याच्या उजव्या बाजूस व उजव्या चाकाची डाव्या बाजूस बिजागरीप्रमाणे जोडलेली असते. चाक वरखाली होताना ह्या बिजागरीभोवती फिरते. म्हणून ते कलतेही.

तिकडील हौशी लोक आखूड स्प्रिंगा किंवा हवेच्या पिशव्या बसवून असे ट्रक ठेंगणे करतात. सांगाडा खाली आला की त्याच्या मानाने चाक वर जाते व त्याचा माथा आत झुकतो. समजा, बिजागरीपासून चाकापर्यंत अंतर १०० सेंटिमीटर असून सांगाडा ५ सेंटिमीटर उतरविला. येथे कोनाची ज्या ५/१००, म्हणजे कोन सुमारे ३ अंश होतो. मग टायरची आतली कड झपाट्याने झिजते. बाहेरची बाजू चांगली दिसत असल्यामुळे झीज लक्षात येत नाही आणि भरधाव वेगात टायर फुटण्याची भीती असते.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम टायरांतील हवा, बेअरिंगे व सांधे तपासावे. सांधा ढिला असता घेतलेले माप व्यर्थ होय. नंतर ट्रक सपाट जमिनीवर, चाके सरळ ठेवून, ज्या उंचीवर तो चालवावयाचा त्याच उंचीवर उभा करावा. हवेच्या पिशव्यांनी उंची बदलली की कोनही बदलतो, हे विसरू नये. आता ओळंबा सोडून रिमच्या वरच्या व खालच्या कडेचे त्यापासूनचे अंतर मोजावे. ४० सेंटिमीटर व्यासाच्या रिमवर ७ मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ १ अंश.

दोष थोडा असेल तर, पुढील काळातील बॉल-जॉइंटच्या तुळयांत, वरच्या सांध्यातील विकेंद्री नळी फिरवून तो काढता येतो. दोष मोठा असल्यास चाकाची खुंटी मुळातच उंचावर असलेल्या वेगळ्या घडणीच्या तुळया बसविणे हाच खरा उपाय. कारण त्यामुळे सांगाडा खाली येऊनही तुळईचा मूळ कोन कायम राहतो. तुळई तापवून वाकविणे धोक्याचे, कारण उष्णतेने पोलादाचे बळ घटते. कॅम्बर बदलला की दोन्ही चाकांची समांतरता बिघडते. म्हणून ती सर्वांत शेवटी जुळवावी.

वर्गात फळ्यावर काढलेला काटकोन त्रिकोण असा रस्त्यावरही भेटतो. आणि तेथे चुकलेल्या उत्तराची किंमत केवळ गुणांनी भरून निघत नाही.