पेनाचे आटे

शाईच्या पेनाची नळी आणि निब धरणारा भाग आट्यांनी जोडतात. जोड ढिला राहिला, तर शाई खिशात!

भोकात आटे पाडतो तो टॅप. दांडीवर पाडते ती डाय.

समजा, टॅप १० मिलिमीटरचा आहे. दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर आहे. मग नळीला भोक किती पाडावे? दहाचे? छे! त्यात टॅप नुसताच फिरेल, कापायला काही उरणार नाही. दहातून एक वजा करा. ९ मिलिमीटरचे ड्रिल घ्या.

आम्ही एकदा साडेआठचे भोक पाडले. आटे खोल येतील, असे वाटले. टॅप अडकला. आम्ही जोर लावला, आणि एबोनाइटची नळी उभी चिरली. दिवसभराची मेहनत वाया गेली.

आता दुसरा भाग. त्याचे टोक डायसाठी कातायचे. इथे एक वजा करायचा नाही. टोक दहापेक्षा केसभर कमी, म्हणजे ९.९ ठेवावे. पुरे दहाचे असले तर डाय जड चालते. फार बारीक झाले तर आटे अर्धवट उठतात, जोड हलतो. माप कॅलिपरने घ्या, अंदाजाने नको.

टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे फिरवा. भुसा मोकळा होतो. पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावरच करून बघा.