चर आपण खणावेत, पाणी परमेश्वर देईल

शास्त्रपाठ : २ राजे ३:९–२०

इस्राएल, यहूदा व अदोम येथील राजे मवाबावर चालून गेले. सात दिवसांच्या वाटचालीनंतर सैन्यास व जनावरांस पाणी उरले नाही. तेव्हा अलीशा संदेष्ट्याने त्यांस कोरड्या खोऱ्यात चर खणावयास सांगितले. वारा दिसणार नव्हता, पाऊसही दिसणार नव्हता. तरी चर आधी खणावयाचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अदोमाकडून पाणी आले व तो प्रदेश भरून गेला.

प्रिय वाचकहो, आपल्या अवर्षणाच्या गावांस हा धडा फार जवळचा आहे. पाऊस थोडा हे खरे. पण पडतो तोही आपण राखीत नाही. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे १ लाख लिटर पाणी होते. डोंगर उघडा असला की ते माती घेऊन ओढ्याने निघून जाते. मग बायामुली हंडे घेऊन दूर जातात, कित्येक कुटुंबे ऊसतोडीस निघतात, आणि उपासनेस म्हातारी माणसे तेवढी उरतात.

कामास डोंगरमाथ्यापासून आरंभ करावा. उतारास आडवे, एका पातळीत चर खणावेत व निघालेली माती खालच्या अंगास घालावी. चराची पातळी चुकली तर पाणी एका टोकास धावून बांध फोडते. म्हणून पाणनळीने ती तपासावी. मातीवर गवत पेरावे, झाडे लावावीत. ओघळींत दगडांचे बांध घालावेत. नाल्याचे काम शेवटी करावे. ते आधी केल्यास वरून येणारा गाळ ते बुजवून टाकतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावी १९८९ साली श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर गावाने श्रमदान केले, डोंगरावर चर खणले, झाडे राखली. पण ते तेथेच थांबले नाहीत. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली, मात्र गवत कापून नेण्यास मोकळीक ठेवली. शेतीसाठी विंधनविहिरी घेण्यास व उसासारखी फार पाणी पिणारी पिके लावण्यास मनाई केली. दरवर्षी पाऊस मोजून, पिण्याचे पाणी आधी राखून, मग पिके ठरविण्याची रीत पाडली. ओस पडू लागलेल्या गावी माणसे परत आली.

ह्यावरून आम्हांस असे वाटते की, खणण्याहून संयम कठीण आहे. चर सर्वांनी खणावेत आणि पाणी मात्र ज्याची विहीर खोल त्याने उपसावे, हा न्याय नव्हे. चराईबंदी करताना ज्या विधवेची दोनच शेरडे आहेत तिच्या चाऱ्याची सोय आधी पाहावी. शेजाऱ्यावर प्रीती करणे ते हेच.

उपदेशकांनी पुढील प्रश्न मंडळीपुढे ठेवावेत :
१. आपल्या शिवारातील पाणी कोणत्या वाटेने निघून जाते?
२. उन्हाळ्यात पहिली विहीर कोणाची आटते?
३. पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांसह आपण किती दिवस श्रमदान करू?

पाऊस पाडणे आपल्या हाती नाही; तो येईल तेव्हा चर तयार असणे आपल्या हाती आहे.